दोन्ही बाजू सारख्या होत्या

डॉ. यशोधराबाईंना मी प्रथम पाहिलं ते मेहकरच्या त्यांच्या हाडांच्या दवाखान्यात, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना घाबरायला लागलो. सारा तालुका त्यांना नुसतं 'बाई' म्हणतो. नवी डिग्री घेऊन मी त्यांच्या हाताखाली रुजू झालो होतो. पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या सेवेबद्दल, शिबिरांबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मला माझ्या भीतीबद्दल लिहायचं आहे, कारण तिला वळण लावलं ते बाईंनी.

कापूस वेचणीच्या दिवसांतली दुपार होती. जानेफळकडच्या वेणूबाई थोरल्या दिरांबरोबर आल्या. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना त्या ट्रॉली आणि भिंतीच्या मधे दोन्ही खांद्यांनी दाबल्या गेल्या होत्या. दीर म्हणाले, "मुका मार हाये वाटते साहेब. थोडा दम लागून राह्यला तिले."

दुखरी बाजू चांगल्या बाजूशी ताडून पाहायची, ही बाईंचीच शिकवण. पण दीर समोर बसलेले, पदर बाजूला करा म्हणायला माझी जीभ रेटेना. साडीवरूनच दोन्ही खांदे चाचपले. दोन्ही सारखेच सुजलेले, दोन्ही सारखेच दुखरे. फरक काही नाही, म्हणून मी केसपेपरवर 'मुका मार' लिहिलं आणि गोळ्या देऊन घरी जायला सांगितलं.

बाई आपल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. वेणूबाई बाकावरून उठल्या तसा डोक्यावरचा पदर घसरला. थोरले दीर शेजारी होते, तरी वेणूबाईंचा हात पदराकडे गेला नाही. बाई तिथूनच म्हणाल्या, "थांब वो माय. पदर घे बरं डोक्यावर."

"हातच उचलत नाई बाई. एकही नाई."

एक्स-रेत दोन्ही कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालची दोन्ही आडवी हाडं, मोडलेली दिसली. ताडून पाहायला चांगली बाजू उरलीच नव्हती. शिवाय छातीत हवा साठून डावं फुफ्फुस आकसलं होतं. जानेफळच्या रस्त्यावर, ऑटोत, दिरांच्या शेजारी वेणूबाई... पुढचं चित्र मी आजही मनात पुरं होऊ देत नाही.

बाईंनी छातीत घालायची नळी मागवली आणि हातमोजे माझ्यापुढे धरले. मी मागे सरलो.

"काऊन? चूक तुही, तं हातही तुहाच लागन. मी हाये बाजूले."

नळी आत गेली, बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे आले, वेणूबाईंचा श्वास हळूहळू मोकळा झाला.

तो केसपेपर फाडता येईल, असं मला वाटलं होतं. बाईंनी त्याच कागदावर खाली मला लिहायला लावलं की दोन्ही हाडं मोडल्याचं माझ्या लक्षात आलं नाही. सही करवून घेतली आणि हे सांगायला मला दिरांकडे पाठवलं. नळी घालणं त्यापुढे सोपं होतं. दिरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आमी घरी नेलं असतं तं?"

"कदाचित वाचल्या नसत्या," मी म्हणालो. ते उठून वेणूबाईंच्या खाटेशी जाऊन बसले.

दोन्ही हात गळ्यात बांधले तर माणसाला स्वतःच्या हातानं घासही घेता येत नाही. म्हणून फुफ्फुस पुन्हा पूर्ण फुगल्यावर बाईंनी उजव्या हाडाला प्लेट बसवली आणि डावा हात गळ्यात बांधून ठेवला. ती शस्त्रक्रिया होईपर्यंत रोज दुपारी ओपीडी आटोपून त्या स्वतः वेणूबाईंचे केस विंचरत. नर्सबाईंना सांगा म्हटलं, तरी त्यांनी कंगवा सोडला नाही.

आज माझा वेगळा दवाखाना आहे, पण दोन खांदे सारखे दिसले की एक्स-रे काढल्याशिवाय मी कुणाला घरी सोडत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून कंपाउंडर मला चिडवतो. गेल्या महिन्यात न राहवून मी बाईंना विचारलं, ही भीती जाते तरी कधी?

चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "मले विचारतं? माही तं अजून गेली नाई."

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि ती भीतीही त्यांच्यासोबत तेवढीच वर्षं राहो.