एका घरातल्या दोन फोडण्या

सिहोऱ्यात आनंदरावच्या घरावरून संध्याकाळी जाणाऱ्याला आत माणसं किती आहेत ते सांगता आलं नसतं, पण तेलं दोन आहेत हे नाकाला बरोबर कळे. स्वयंपाकघरातल्या चुलीवर वनस्पती तुपाची फोडणी आणि पडवीतल्या चुलीवर जवसाच्या तेलाची. आतली चूल आनंदरावची, म्हणजे राबायला त्याची बायको तुळसा. पडवीतली त्याच्या आईची, पार्वताबाईची.

भांडण असं काही नव्हतं. चौऱ्याहत्तर साली आनंदराव बँकेत शिपाई लागला, एवढंच झालं. पहिल्या पगाराला लोक आईला लुगडं आणतात, यानं वनस्पती तुपाचा डबा आणला आणि फर्मान काढलं, "आजपासून या घरात जवसाचं तेल बंद. सायेब लोकं आले त काय म्हनतीन?"

साहेब कधी आले नव्हते. पण आलेच तर, म्हणून तयारी.

"तुह्या सायबाच्या नाकासाठी मी माहं तोंड बदलवू काय?" पार्वताबाई म्हणाल्या आणि त्याच दिवशी पडवीत तीन दगड मांडून मोकळ्या झाल्या. धान उभा असतानाच बांधीच्या, म्हणजे भातशेताच्या, ओलीवर जवस फेकायचा, निघाला की घाण्यावर पिळून आणायचा, हे त्या जन्मभर करत आल्या होत्या.

तुळसा दोघांच्या मध्ये सापडली. सासूच्या चुलीवरचं खावं तर नवऱ्याच्या नोकरीचा अपमान. म्हणून ती मुकाट्यानं तुपातलं खाई आणि पडवीकडून येणारा वास तेवढा फुकट घेई.

पण तुळसाचा जीव चुलीत नव्हता, धानाच्या रोवणीत, म्हणजे लावणीत होता. शिपायाच्या बायकोनं चिखलात उतरू नये, असं आनंदराव दरवर्षी म्हणे आणि ती दरवर्षी उतरे. बायांची आख्खी टोळी तिच्या मागं चाले. तिनं धुऱ्याजवळची, म्हणजे बांधालगतची, पहिली ओळ धरली की बाकीच्यांच्या ओळी आपोआप सरळ येत. गाणं तीच उचले, दम तीच देई. घरी जिचा आवाज भांड्यांपेक्षा मोठा होत नसे, ती बांधीत पाटलीण असे.

फक्त महिन्याचे ते दिवस रोवणीत येऊ नयेत. पोटात असा पीळ पडे की जणू कोणी ओलं लुगडं दोन्ही हातांनी पिळतंय. कंबर, मांड्या, सगळं धरून येई, ओकाऱ्या होत. माहेरी आई म्हणे, लग्न झालं की थांबते. लग्न झालं, वाढलं. सासरी म्हणाले, लेकरू झालं की थांबते. लेकरूच झालं नाही. मग लोकांनी सांगायचं सोडलं आणि बोलायला सुरुवात केली. टोळीतली शकुनबाई म्हणे, "तुळसाचं पोट पंचांग पाहून दुखते व, बांधी मोठी असली की!"

आनंदराव मात्र बोलत नसे. तो पुऱ्या तळे. खरंच. बायको आडवी पडली की बँकेतून येऊन हा गडी स्वतः चुलीपाशी बसे आणि वनस्पती तुपात पुऱ्या, भजी, जे सुचेल ते तळून तिच्या उशाशी ठेवे. "खा. दुखन्यात ताकद पायजे." गावात दुसरा नवरा असं करत नव्हता, म्हणून तीही डोळे मिटून खाई. दुखणं आणि पुऱ्या दोन्ही नेमानं येत राहिल्या.

एक्क्याऐंशीच्या रोवणीत भैय्याजींच्या बांधीत ती चिखलात बसली ती उठलीच नाही. बैलगाडीत घालून घरी आणली. अर्धी बांधी तशीच राहिली. भैय्याजी भला शेतकरी, पण धान कोणाच्या पोटासाठी थांबत नाही. ते घरी येऊन म्हणाले, "तुळसाबाई, पुढच्या साली अशी बसलीस त मी टोळी शकुनच्या हाती देतो. मंग मले नाव ठेवजो नोको."

त्या बोलण्यानं तुळसाला जेवढं लागलं, तेवढं दुखण्यानंही लागलं नव्हतं. आनंदरावानं रजा काढली आणि तिला घेऊन नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टर निर्मलाबाईंनी बेंबीजवळून दुर्बीण घालून आतलं सगळं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दोघांना समोर बसवलं.

"पिशवीच्या आत जे अस्तर असतं ना, तसलंच तुमच्या पोटात पिशवीच्या बाहेर वाढलंय. महिन्याला तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. एंडोमेट्रिऑसिस म्हणतात याला."

नाव तुळसाच्या तोंडात मावलं नाही. तिनं वेगळंच विचारलं. "म्हंजे मी नाटक नाही करून राहिली?"

"नाटक करणारीला इतकं सोसत नाही, बाई."

तुळसा तिथंच रडली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि खाण्यापिण्याचं विचारलं. तेल कोणतं, म्हटल्याबरोबर आनंदराव खुर्चीत ताठ झाला. "वनस्पती तूप, म्याडम! जवस मी घरात चालू देत नाही."

"का बरं?" त्या हसल्या. "दुखणं वाढवणारी काही द्रव्यं आपलं शरीर खाण्यातल्या तेलातुपापासूनच बनवतं. जवसाच्या, माशाच्या तेलानं ती कमी होत असतील, असं काही जणांना वाटतं. अभ्यास चालू आहे, मी खात्री देणार नाही. गोळ्या सोडायच्या नाहीत, दाखवायला यायचं. पण ते तळण कमी करून जवस खाऊन बघायला माझी हरकत नाही."

परतीच्या एस.टी.त आनंदराव भंडाऱ्यापर्यंत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे इतके वर्षं मी तुले जहर चारलो?"

"नाई वो. पुऱ्या चारल्या. त्याही गरम."

"मंग आता?"

"आता मी आत्याबाईच्या चुलीवर जेवतो. तुमाले राग येईन त येऊ द्या. पन मले पुढची रोवणी पायजे."

एवढं लांब ती नवऱ्याशी पहिल्यांदाच बोलली होती, आणि तेही घराबाहेर, एस.टी.त.

पार्वताबाईंना वाटलं, सून अखेर शरण आली. त्यांनी पाट मांडला. पण जवसानं दुखणं जातं का, असं तुळसानं विचारल्यावर म्हातारी खरं तेच बोलली. "मले काय माहीत व? मी त चवीसाठी खातो."

घाणेवाला जागेश्वर म्हणाला, "जुनं ठेवू नका, कडू होते. थोडं थोडं नेत जा." मग ताजं तेल कच्चंच भातावर, जवसाची चटणी, आणि बावनथडी नदीच्या बारीक मासोळ्या असं सुरू झालं. पहिल्या महिन्यात पोटानं काही ऐकलं नाही. आनंदराव आतल्या चुलीपासून ओरडला, "पाह्य! झालं काय कमी?" नंतरच्या महिन्यातही तेच. पण थंडी सरता सरता तुळसाच्या लक्षात आलं, की ओकाऱ्या थांबल्यात. उन्हाळ्यात एकदा ती त्या दिवसांत विहिरीवर जाऊन आली आणि आल्यावर तिला आठवलं, की आज आपल्याला जाता यायला नको होतं.

हे गोळ्यांनी की जवसानं, यावर मायलेकांचा वाद रंगला. तुळसा म्हणाली, "दोन बैलांनी गाडी घरी आनली. कोनता बैल जास्त वढला, ते बैलाले विचारा."

ब्याऐंशीची रोवणी लागली आणि ते दिवस नेमके भैय्याजींच्या मोठ्या बांधीच्या वेळीच आले. भैय्याजी छत्री घेऊन धुऱ्यावर. शकुनबाई शेजारच्या ओळीत, डोळा तुळसाच्या कमरेवर. दुपार कलली तशी पोटात ओळखीची कळ उठली. तुळसानं गाणं मध्येच सोडलं. सगळ्या बाया थांबल्या.

"बसतेस काय व?" शकुनबाईनं विचारलं. या वेळी त्यात टोमणा नव्हता.

तुळसा धुऱ्यावर बसली. पाणी प्याली, डॉक्टरीणबाईंची गोळी घेतली. कळ आली, गेली, पुन्हा आली. दुखत होतंच, पण पिळून काढत नव्हतं. धरलं तर धरवत होतं. भैय्याजींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यात तुळसा उठली, पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी सोडली आणि आपल्या ओळीत उतरली. हळू रोवत होती, पण ओळ वाकडी जाऊ देत नव्हती. गाणं आता शकुनबाईनं उचललं होतं आणि चुकीच्या सुरात नेलं होतं. तुळसाला ते सहन होईना. कळ दाबत तिनं ते दुरुस्त केलं.

सांज व्हायच्या आत बांधी हिरवी झाली. पाय धुता धुता भैय्याजी म्हणाले, "उद्या रस्त्याकडची बांधी आहे. लवकर या."

"येतो," तुळसा म्हणाली. मग बायांकडं वळून तिनं उद्याच्या ओळी वाटायला घेतल्या. "शकुन, तू माह्या बाजूनं राहजो. अना गानं मी सुरू केल्याबिगर तोंड उघडू नोको."