शोभाने सांगून ठेवलं होतं

सकाळी माझ्या धाकट्या बहिणीच्या शेजारच्या सुषमादीदींचा फोन आला आणि चौबे कॉलोनीतल्या माझ्या घरून मी पोचेपर्यंत शोभा गेली होती. दुपारी मी तिला अग्नी दिला. भावाने बहिणीला शेवटी आपल्यात परत आणलं, म्हणून रायपुरातल्या आमच्या मंडळींनी माझी पाठ थोपटली... मी थोपटून घेतली.

शोभाचा नवरा रायपूरजवळच्या उरलामधल्या कारखान्यात अपघातात गेला, तेव्हा ती पस्तिशीत होती. पुढे माझ्या मुलीच्या लग्नात हळद तिनेच दळून आणली, आणि ती लावायची वेळ आली तेव्हा आईने तिला मागच्या खोलीत बसायला सांगितलं. मी तिथेच उभा होतो. पाहुण्यांना चहा मिळाला का, एवढंच विचारत राहिलो. त्यानंतर ती सुषमादीदींकडे बुधवारच्या प्रार्थनेला जाऊ लागली, ख्रिस्ती झाली. हिला काहीतरी मिळालं असेल, असं लोक म्हणाले. सदर बाजारात ओळखीच्या दुकानांतून मीही ते हसत सांगितलं. मिळालं ते इतकंच, की सुषमादीदींच्या मुलीच्या लग्नात नवरीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला त्यांनी शोभाला पुढे बोलावलं. एवढ्यासाठी धर्म सोडलास, असं मी टोचून म्हणालो.

"तुले एवढंसं वाटते, भाऊ. मले आता झोप लागून राहिली."

आजारपणात तिने बजावलं होतं, "मले जाळू नको. मातीत ठेव." मी 'हव' म्हणून कबूल केलं होतं. पण त्या दिवशी नातेवाईक जमले, तिरडी बांधायला घेतली आणि मी तिचं बोलणं कुणाला सांगितलं नाही. प्रार्थनेची माणसं स्मशानाच्या फाटकाबाहेर फुलं घेऊन उभी होती. सुषमादीदींनी हळूच विचारलं, "भैया, उसने आपसे कुछ कहा था?"

"नहीं," मी म्हणालो.

मागच्या बुधवारी त्यांच्या घरी जाऊन मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बैठिए." प्रार्थना संपताना तिथे प्रत्येकजण कुणासाठी तरी मागतो, एक नाव घेतो. शोभा दर बुधवारी माझं घ्यायची, हे मला तिथे कळलं. शोभाचा क्रम यायचा तिथे खोली थांबली... आणि तिच्या जागी सुषमादीदींनी डोळे मिटून माझं नाव घेतलं. मी चपला शोधत बाहेर आलो.