सूपभर मधमाश्या

मोहोराचा वास आला की शेजारच्या काकीचं सूप आठवतं. आमच्या हापूसच्या बागेला लागून तिच्या मधपेट्या होत्या. औषध फवारायच्या आदल्या दिवशी तिला सांगायचं, म्हणजे ती दिवेलागणीला पेट्यांची दारं बंद करी, असा रिवाज होता. त्या वर्षी मधल्या दगडी गडग्याच्या हद्दीवरून तिच्याशी भांडण झालेलं. "तिका सांगा नको," बाबा म्हणाले. मी सांगितलं नाही. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी तिने सूपभर मधमाश्या आमच्या ओटीवर ओतल्या. काही अजून वळवळत होत्या. "तुमचा पीक. निवडून घेवा," एवढंच म्हणाली. बाबा हसले, मीही हसलो. आता कलमांना फळ धरेना, म्हणून मी भाड्याच्या पेट्या आणतो. "फवारणीआधी सांगशात मां?" पेटीवाला विचारतो. मी म्हणतो, "म्हणजे काय! शेजारधर्म आसा मां."