हिरव्या खुणांची रांग

सज्जनहो, अत्यंत गंभीर घोषणा ऐका: आमच्या घरचा प्रोग्राम निर्दोष ठरला आहे, आणि म्हणून मी बुडालो आहे.

हा प्रोग्राम माझ्या बायकोने, वसुधाने, लिहिला. संगणकाच्या काळ्या पडद्यावर मी रोजनिशी टाइप करायची आणि शब्द देऊन जुनी नोंद शोधायची. माझा मित्र दिगू नुकताच गेला. शेवटच्या भेटीत, एका संध्याकाळी, त्याने सांगितलेल्या किश्श्यावर मी खुर्चीवरून घसरेपर्यंत हसलो होतो. हसणं आठवतं, किस्सा आठवत नाही. 'दिगू' शोधलं. त्याची स्कूटर आली, त्याचं पडसं आलं; ती संध्याकाळ तेवढी आली नाही.

"तुझा शोध बिघडलाय," मी म्हणालो.

"बघूया की," म्हणत वसुधाने चाचण्या लावल्या. आता यंत्र आपणच खोट्या नोंदी लिहितं, आपणच शोधतं आणि बरोबर निघालं की हिरवी खूण करतं. कुणा काल्पनिक गृहस्थाचं लोणचं सापडलं, हरवलेली छत्री सापडली. जे लिहिलंच नव्हतं ते सापडलं नाही, त्याचीही हिरवी खूण! मी मात्र एका नापासासाठी देव पाण्यात घालून बसलो होतो. शोध चुकत असेल, तर दिगूचा किस्सा आत कुठेतरी असेल; बरोबर असेल, तर मी तो लिहिलाच नाही. प्रत्येक खुणेगणिक तो आणखी दूर जात होता.

शेवटची खूणही हिरवीच उमटली. माझ्याकडे एकदा बघून वसुधा आपल्याच प्रोग्रामवर ओरडली, "मेल्या, एकदा तरी नापास हो की रे!"