पोटावरचे तीन डाग

चंद्रावतीला मूल हवं होतं आणि तिच्या गर्भाशयात गाठ होती. दुखणं एवढंच, पुढचं सगळं माणसांनी वाढवलं.

माहेर गोव्यातल्या पेडण्याचं, सासर तिथल्याच पाळी गावचं. नवरा गुरुदास खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यापासून घरीच. महिन्याचे निम्मे दिवस तिच्या अंगावरून जायचं. म्हापशाचा डॉक्टर म्हणाला, पिशवी काढून टाका. ती म्हणाली, मेले तरी नाही. तेव्हा त्यानंच मुंबईतल्या उपचाराचं सांगितलं. कापाकापी नाही, टाके नाहीत. सोनोग्राफीसारख्याच लाटा, पण जोरकस. पोटातून नेमक्या गाठीवर एकवटतात आणि तिला आतल्या आत भाजतात. पिशवी राहते. मूल होईलच असं तो म्हणाला नाही. तिनं विचारलंही नाही.

दिवाळीनंतर बोलावलं होतं. मध्ये चवथ आली, ती माहेरी गेली आणि गणपतीसमोरच कळ येऊन खाली बसली.

तिची आई सुलोचना पोटदुखीवर सळईचे डाग देण्यात नावाजलेली. पोट धरलेली पोरं घेऊन बाया तिच्या दारात यायच्या. चंद्रावतीनं स्वतः लहानपणी नाभीच्या बाजूला एक डाग सोसला होता.

"माका मुंबयेक जावचा आसा, आये."

"जा मगे! मी खंय अडवतंय? तोपर्यंत कळ सोसतलंस काय? पदर सार."

चंद्रावतीनं विचार केला, हे वरचं, ते आतलं. ह्याचा त्याला काय अडथळा? आणि तिनं पदर सारला. तापलेल्या सळईचे दोन चटके, ओटीपोटावर. कळ त्या दिवसापुरती थांबली. जखमा भरल्या, पण जाड, तांबूस गाठाळ होऊन.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी चादर बाजूला केली आणि हात तिथेच थांबवला.

"हे कोणी केलं?"

"भाजलं," चंद्रावती म्हणाली.

बाई समजल्या. त्यांनी साधं सांगितलं. लाटा कातडीतून आत जातात. व्रण जाड असला की उष्णता तिथेच अडते, कातडी जळते. जुना डाग एका बाजूला होता, त्यानं बिघडलं नसतं. हे दोन नेमके वाटेवर आहेत. नाही करता येणार.

मग कापणंच आलं. नुसती गाठ काढायची असं ठरलं, पण मध्येच रक्त थांबेना, पिशवी गेली. गुरुदास खाटेपाशी बसून राहिला. "तू आसस न्हय," एवढंच त्याला सुचलं.

सुलोचना भेटायला आली ती उंडे पाव आणि पेजेचे तांदूळ घेऊन.

"डागान कळ तरी थांबली मगे?"

"थांबली," चंद्रावती म्हणाली. आईला काय सांगायचं?

हे न सांगणं तिनं वर्षभर पाळलं. मग एकदा फोनवर सुलोचना सहज बोलून गेली: चंद्रावतीच्या भावाच्या मुलीच्या, क्षमाच्या पोटात पाळीच्या वेळी कळा येतात, सकाळी डाग देतंय. चंद्रावतीनं पहाटेची बस पकडली. पोचली तेव्हा सळई चुलीत होती आणि क्षमा भिंतीला पाठ लावून उभी.

चंद्रावतीनं पदर सारला. "हे बघ, आये. ह्यांच्यापायी मुंबयेहून परत धाडलं माका. ह्यांच्यापायी पिशवी गेली."

सुलोचनानं व्रण पाहिले आणि आवाज चढवला. "दोतोरांका काय्येक येना म्हणान माझ्या हाताक नावां ठेवतत! आनी तू आयकतंस!"

चंद्रावतीनं क्षमाचा हात धरला आणि तिला म्हापशाला डॉक्टरकडे घेऊन गेली.

त्यावर मायलेकी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पोरं घेऊन बाया अजून सुलोचनाच्या दारात येतात. ती त्यांना आत घेत नाही. "नजर गेली गो बाये, आता जमना," म्हणते, आणि ओसरीवर बसून अबोलीची फुलं एकेक करून गजऱ्यात ओवत राहते.