आबांचा सर्व्हर आणि दारातला आकडा

आमच्या बारामतीच्या ऑफिसातला किस्सा सांगा म्हणालात, तर मी आधी चहा मागवतो. कारण एक सांगायला घेतला की दुसरा त्याच्या मागं येऊन उभा राहतो, आणि तिसरा तर खुर्ची ओढून बसतोच. माणसं आम्ही तीनच. बारामती-इंदापुरातल्या घरांना इंटरनेट पुरवणारे आमचे मालक आबा, वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली इंजिनिअर मृणाल, आणि सगळ्यात जुना, म्हणून सगळ्यात बिनकामाचा, मी.

*

आबांचा जीव एका डीएनएस सर्व्हरमध्ये. तुम्ही साइटचं नाव टाकलंत की तिचा पत्ता शोधून देतो, तो हा. बसवल्यापासून एकदाही रिस्टार्ट केलेला नाही. दारात पाटी : 'न थांबता चालू, दिवस १५१२.' रोज सकाळी आबा स्वतः खडूनं आकडा वाढवणार. इंदापुरात त्यांच्या साडूचाही हाच धंदा, आणि त्याचा सर्व्हर महिना-दोन महिन्यांनी झोपतो. लग्नकार्यात गाठ पडली की आबा "बरं हाय का?" विचारायच्या आधी आकडा सांगतात.

*

एकदा हा गडी अडखळला होता. मी नेमका भिगवणला, ताटात मासा. फोनवर फोन. उठायची इच्छा नव्हती, म्हणून मोबाइलवरूनच सगळ्या ग्राहकांचे राउटर बाहेरच्या एका मोठ्या सर्व्हरकडं वळवून टाकले. फक्त आबांचं घर राहिलं, कारण तिथला पासवर्ड काकूंनी बदललेला. दुसरा तुकडा ताटात पडेपर्यंत सगळं सुरळीत. आबांचा सर्व्हरही थोड्या वेळानं आपोआप सावरला.

आबांचा फोन आला. "मोरेराव, आपला गडी खमका हाय. कुणाची तक्रार न्हाय आता."

मी नुसतं "हूं" म्हणालो. तोंडात काटा होता.

*

यंदा मृणालनं सांगितलं, त्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये भगदाड सापडलंय.

"आबा, बाहेरचा कुणीही त्याला खोटा पत्ता सांगू शकतो. तो खरा मानतो आणि विचारेल त्याला तोच देतो. माणूस बँकेची साइट उघडायला जाईल आणि चोराच्या पानावर पासवर्ड टाकून येईल."

"म्हंजी आमच्या थोरल्या जावयागत. कुणी बी काय बी सांगावं."

"पण जावयाला नवं सॉफ्टवेअर टाकून रिस्टार्ट करता येत नाही. याला येतं."

आबांनी पाटीकडं पाहिलं. "रिस्टार्ट म्हंजी पुन्ना एकपासनं?"

"शून्यापासून."

"मग ऱ्हाऊ द्या म्याडम. आपल्याला कोण वळखतंय."

*

मृणालनं वाद घातला नाही. लॅपटॉपवर त्याच सर्व्हरची नक्कल उभी केली, तिला एक खोटा पत्ता भरवला आणि म्हणाली, "आबा, आपल्या कंपनीची साइट उघडा."

आबांनी एका बोटानं नाव टाकलं. पडद्यावर साडू आला. फेटा बांधून, हात जोडून.

आबा तांब्याभर पाणी प्यायले. "कवा करताय रिस्टार्ट?"

*

ग्राहकांना कळवायची जबाबदारी आबांनी स्वतःकडं घेतली. सगळ्या ग्रुपवर मेसेज गेला : 'आपल्या सर्व्हरला भगदाड पडले आहे. उद्या अकरा वाजता बुजवण्यात येईल. तोपर्यंत चोरांनी गैरफायदा घेऊ नये.'

मृणालनं डोक्याला हात लावला. कळसच्या एका पेरूवाल्याचं लगेच उत्तर : 'आबा, ठिबकच्या पाइपाचं सोल्युशन शिल्लक हाय. आणू का?'

*

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आबांनी पाटी पुसली. पुसताना तोंड भिंतीकडं होतं. मृणालनं नवं सॉफ्टवेअर टाकून सर्व्हर रिस्टार्ट केला. तिघंही फोनकडं बघत बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फोन गप्प.

मग वाजला. काकू.

"अवो, घरचं नेट मघाशी बंद पडलं होतं. आत्ता आलं."

आबांची छाती वर आली. "बघा म्याडम, दोन तालुक्यांत एकच तक्रार, ती बी घरची! साडूला कळवतो."

मृणाल स्क्रीनकडं बघत होती. सर्व्हरला पत्ते विचारणाऱ्या घरांची यादी तिथं येते. ती सावकाश माझ्याकडं वळली.

"आबा, यादीत एकच घर आहे."

"कुणाचं?"

मी उठलो, गाडीची किल्ली घेतली.

"आबा, चला. आज भिगवणला मासे खाऊ. माझ्याकडून."