पाऊस अडवणारी आत्या

पाऊस माझी आत्या अडवते, असं निम्मं गाव म्हणतं. गिरणीवाला तर गिरणी बंद असतानाही ती चालू असल्यासारखा ओरडतो, "ए पोरी! आत्याला म्हणावं, झाकण काढ! आम्हालाही जरा भिजू दे!" मी घरी येऊन त्याची नक्कल केली की आत्या आधी खिडक्या लावून घेते, मग हसते.

खरं सांगायचं तर ती पाऊस अडवतेच, पण फक्त आमच्या दोन खोल्यांएवढ्या जागेवरचा. गावाबाहेरच्या माळावर संशोधनवाल्यांनी गवताच्या एका तुकड्यावर पारदर्शक पट्ट्यांचं छत घातलंय. पट्ट्यांवरचं पाणी पन्हळीतून लांब जातं आणि फटींतून पडेल तेवढंच गवताला मिळतं. मुद्दाम केलेला दुष्काळच म्हणा ना! पुढे पाऊस असाच आटत गेला तर गवत कुठवर तग धरेल, ते आधी कळावं म्हणून. पन्हळीतला पाला काढणं, वाऱ्याने उचकटलेल्या पट्ट्या ठोकणं, गवत कापून, वाळवून तोलणं, हे सगळं आत्याकडे. संसार मोडून ती आमच्याकडे परत आली, त्याच वर्षी हे काम मिळालं. "नवरा नाही टिकला, छत टिकलं," असं तीच सांगते.

छताखालच्या दुष्काळाला चार वर्षं झाली. बाहेरच्या खऱ्याखुऱ्या दुष्काळाचं हे दुसरं वर्ष, आणि त्या बाहेरच्या माळावर बाबांच्या मेंढ्या चरतात.

"गवत मरत नसतं, झोपतं," असं बाबांचं म्हणणं. हनुवटी वर, आवाज नाकातून. ही नक्कल मी तोंडात घास असतानाही करू शकते.

"दादा, झोपलेल्याच्या अंगावर रोज मेंढ्या नाचवल्या तर तो उठेल का?" आत्या विचारते.

"तुझं छत तू सांभाळ. माळ मी बघतो."

आत्याला एवढंच म्हणायचं होतं, की निम्म्या मेंढ्या विकून टाक आणि यंदा माळ मोकळा सोड. पण भावाच्या घरात राहून भावाला हे सांगणार कसं? जेवताना ती त्यांच्या ताटाकडे बघायची, मग माझ्याकडे, मग उगाच पाणी प्यायची.

शेवटी आत्याने आणि मी पैज लावली. संशोधनवाल्या बाईंना विचारून एक कोपरा छताखालचा आणि एक बाहेरचा असे दोन कोपरे, मेंढ्या येऊ नयेत म्हणून काटे लावून, झारीने भिजवायचे. छताखालचं गवत फुटलं तर मी जिंकले, नाही फुटलं तर ती. जी हरेल तिने बाबांना मेंढ्या विकायचं सांगायचं.

"लबाड आहेस हं आत्या! जिंकलीस की सुटलीस."

"मला जिंकायचंच नाहीये गं," ती म्हणाली. तो आवाज मला अजून काढता येत नाही.

पंच म्हणून बाबांची म्हातारी मेंढी नेमली.

रोज झारी घेऊन जायचं, वाकून बघायचं, परत यायचं. बाहेरच्या कोपऱ्यात हळूहळू सुईच्या टोकासारखे कोंब आले. छताखाली काहीच नाही. मग एका सकाळी बघते तर छताखाली हिरवंगार! मी तिथेच नाचले, गिरणीवाल्याच्या आवाजात ओरडले, "फुटलं! फुटलं!"

आत्या गुडघ्यांवर बसली. एक पान चोळून तिने वास घेतला. मग म्हणाली, "पंचांना बोलाव."

मेंढीने बाहेरचे कोंब असे ओरबाडले की दोरी खेचून तिला आवरावं लागलं. छताखाली तिने हुंगलं, फटकन शिंकली आणि मागे सरकली. ते तण होतं. गवत होतं त्या जागी मी हात घातला, तर अख्खा ठोंब मुळासकट वर आला, कोरडा, झिजलेल्या झाडूसारखा.

"बाहेरचं जिवंत आहे," आत्या म्हणाली. ठोंबाची माती झटकत परत म्हणाली, "अजून."

बाबा कुंपणाशी एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मला बघताच हसायच्या तयारीत म्हणाले, "बोला! आज कोणाची नक्कल?"

मी तो ठोंब त्यांच्यासमोर ठेवला.

"कोणाचीच नाही, बाबा. आत्याशी पैज हरलेय. हरणारीने तुम्हाला सांगायचं असं ठरलंय."